चार जीवांची म्हातारी

गाईनं गेल्या आठवड्यात काय खाल्लं होतं, हे आर्व्हिड टोर्गरसन चीजच्या वासावरून सांगायचा. रानकांदा असो, ओला चारा असो, की कोठीत आंबवलेली मक्याची वैरण. विस्कॉन्सिनातल्या ब्लॅकरीड गावच्या चीज कारखान्यात तो चौतीस वर्षं पारखी होता. असे परवानाधारक पारखी गावात दोनच. दुसरा वारला, तेव्हापासून हा एकटाच.

काम बघायला सोपं. चीजची लादी समोर आली की पोकळ पोलादी नळी तिच्या पोटात खुपसायची, अर्धा वळसा द्यायचा आणि ओढून काढायची. नळीत बोटाएवढी कांडी येते. ती नाकाखाली धरायची, वाकवून बघायची, चिमूटभर चाखून थुंकायची. उरलेली कांडी परत त्याच भोकात बसवून वरून अंगठ्यानं लिंपायची, काही झालंच नाही अशी. मग शिक्का. जांभळ्या शाईचा, आत त्याच्या परवान्याचा आकडा. कारखान्यात पुढं शिक्के मारायचं यंत्र आलं आणि निवृत्त होताना साहेबानं तो जुना लाकडी शिक्का आर्व्हिडला भेट दिला. दुसऱ्या कुणी तो फडताळात ठेवला असता. आर्व्हिडनं तो खेळाच्या पुस्तकांवर मारायला घेतला.

खेळ म्हणजे लुथरन चर्चच्या तळघरात दर गुरुवारी दुपारी भरणारा. एक मेज, चौघं-पाच जण, ढीगभर फासे. प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं, कागदावर त्याचं बळ, त्याची अक्कल, त्याचे जीव, म्हणजे घाव सोसायची ताकद, लिहायचे आणि खेळ चालवणारा जी गोष्ट सांगेल तिच्यात शिरायचं. गुहा, राक्षस, बुडालेली नगरं. वीस बाजूंचा फासा पडेल तसं नशीब. हे मेज आर्व्हिड एकतीस वर्षं चालवत होता आणि त्या मेजाचा कायदा एका ओळीचा होता : कंपनीचं पुस्तक चालेल, बाहेरचं चालणार नाही.

कंपनी म्हणजे ज्यांनी खेळ काढला ते. त्यांची जाड पुठ्ठ्याची, झुळझुळीत पानांची पुस्तकं. पण या खेळाला जुळतील अशी पुस्तकं बाहेरचेही पुष्कळ लोक लिहितात. कुणी छापखान्यातून काढतं, कुणी घरी टाचण्या मारून. त्यातलं काही सोन्यासारखं असतं, काही निव्वळ भुसा. आर्व्हिड बाहेरचं पुस्तक हातात घ्यायचा, पाठ बघायचा, कंपनीची खूण दिसली नाही की परत द्यायचा. कंपनीचं असेल तर पहिल्या पानावर ठप्प. जांभळा.

माणूस उगीच अडेल नव्हता. मेज सुरू झाल्याच्या तेराव्या वर्षी त्यानं एक बाहेरचं पुस्तक येऊ दिलं होतं. त्यात एक तलवार होती. ती ज्याच्या हाती गेली त्यानं बाकीच्यांना गोष्टीत जागाच ठेवली नाही. मेजावर हेन्रिक्सन भाऊ होते. तलवार धाकट्याला मिळाली, थोरल्याचा बारा वर्षं सांभाळलेला वीर त्याच तलवारीनं मेला, आणि थोरला फासे खिशात घालून जिना चढून गेला तो गेलाच. ते भाऊ अजूनही चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसतात. आर्व्हिड त्या दोन बाकांमधून दर रविवारी चालत जायचा. कायदा तिथून आला.

डेल्फिन प्रझिबिल्स्की पहिल्या दिवसापासून मेजावर होती. शाळेची बस चालवायची. खणखणीत आवाज, त्याहून खणखणीत जीभ. जगात आर्व्हिडला 'टोर्ग' म्हणणारी ती एकटी. तिचा वीर म्हणजे ओटिली नावाची लंगडी जोगीण. एकतीस वर्षांत ओटिलीनं सगळ्यांच्या जखमा बांधल्या, पण स्वतः कुणावर वार केल्याचं कुणाला आठवत नाही.

पंधरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी डेल्फिननं पिशवीतून एक वही काढून आर्व्हिडपुढं ठेवली. अठ्ठेचाळीस पानं, फोटोकॉपीच्या दुकानातून काढलेली, मध्ये दोन टाचण्या. 'उतारावरची म्हातारी.' दलदलीतल्या एका गावाची गोष्ट, खेळात चालवण्यासाठी. बस थांब्यावर उभी असताना, स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहिलेली. किती वर्षं, ते तिनं सांगितलं नाही.

आर्व्हिडनं वही मधूनच उघडली. पान एकतीस. राक्षसाचं पान.

"हिचे जीव चार?" तो म्हणाला. "चार? डेल्फिन, चाळीस लिहायचं होतं का? कोंबडीला चार जीव असतात. आणि नावाची जागा तर कोरीच सोडलीयस."

सगळे हसले.

"बरोबर आहे की चूक, ते पुढं..." ती म्हणाली.

"हे बघ, असला माल मी कारखान्यात खालच्या प्रतीत टाकतो. कंपनीचं काही आण, चालवू."

डेल्फिन पण हसली. वही पिशवीत गेली. पुढल्या गुरुवारी ती लिंबाच्या वड्या घेऊन वेळेवर आली, त्याच्या पुढल्याही आली. वहीचं नाव पंधरा वर्षांत एकदाही निघालं नाही. आर्व्हिड विसरला. आपण विसरलो आहोत हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

*

यंदा फेब्रुवारीत डेल्फिनचं पोट दुखायला लागलं. मार्च उजाडेपर्यंत डॉक्टरांनी हात टेकले होते. तळ्यावरचं बर्फ पातळ व्हायला लागलं, लोकांनी त्यावर थाटलेल्या मासेमारीच्या झोपड्या ओढून काठावर आणल्या, आणि डेल्फिनच्या बैठकीत खिडकीशी दवाखान्याची खाट आली.

मेजावर पाकू वांग नावाची परिचारिका खेळायची. पस्तिशीची, लाओसहून आलेल्या हमोंग घरातली, कामाची जागा मरणाच्या दारातल्या माणसांपाशीच. तिनं गुरुवारी फासे हातात न घेताच सांगितलं, "दोन आठवडे. फार तर तीन. मी तिला विचारलं, काय हवंय. म्हणाली, गुरुवार हवाय."

"मंग गुरवार तिच्या घरी न्हेऊ," लॅव्हर्न कोलबर्ग म्हणाला. हा नळदुरुस्तीवाला, आता निवृत्त. त्याचा वीर ग्रूम नावाचा कुऱ्हाडवाला. ग्रूमला कुठंही न्या, दार असो, झाड असो, राजा असो, तो आधी घाव घालायचा. "पर गुरवारी तिची बहीण दवाखान्याची मान्सं बोलावती. रविवार धरू. चर्च सुटलं की."

रविवारी आर्व्हिड कंपनीचं नवं पुस्तक घेऊन गेला. विटेएवढं जाड. डेल्फिन उशांना टेकून बसली होती. चेहरा निम्मा झाला होता, जीभ तेवढीच.

"टोर्ग, काहीही चालव यातलं," ती म्हणाली. "मला झोप लागली तरी गोष्ट चुकायची नाही. बोगदा, मग कोळी, मग बोगदा."

आणि तिला खरोखर झोप लागली. दुसऱ्या कोळ्यापाशी. तिघं खालच्या आवाजात थोडा वेळ फासे टाकत राहिले, मग थांबले.

उठताना आर्व्हिडचा धक्का खाटेशेजारच्या मेजाला लागला. ते डगमगलं. बसतंय का ठीक म्हणून तो वाकला, तर एका पायाखाली घडी घालून काहीतरी सारलेलं. दोन टाचण्या. '...वरची म्हातारी' एवढंच वर दिसत होतं.

"राहू दे," मागून आवाज आला. ती जागी होती. "तिथं तरी कामाला आलंय."

आर्व्हिड गुडघ्यावर तसाच राहिला. "दुसरी प्रत आहे?"

"खोकंभर आहेत. कशाला? जीव मोजायला?"

"वाचायला."

"वाचलं होतंस की."

"एक पान वाचलं होतं."

डेल्फिननं डोळे मिटले. तिला दम लागायचा, म्हणून वाक्याच्या मध्ये ती थांबायची, आणि त्या थांबण्यानं बोलणं जास्तच लागायचं. "टोर्ग, तू नळी न घालता... कधी एका लादीवर तरी शिक्का मारलास का रे?"

"नाही."

"किंवा नळी न घालता... कधी लादी टाकून दिलीस?"

लॅव्हर्ननं टोपी शोधायचा बहाणा केला.

"खोकं जिन्याखाली आहे," ती म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

*

सोमवारी सकाळी आर्व्हिडनं स्वयंपाकघरातल्या मेजावर कॉफी घेतली, पेन्सिल घेतली आणि वही पहिल्या पानापासून उघडली.

चुका होत्या. बाराव्या पानावर नकाशात उत्तर दिशा उलटी होती. देवळाला एक दार सांगितलं होतं, नकाशात ते नव्हतंच. स्पेलिंगं तर विचारू नका. कंपनीच्या पुस्तकात असं होत नाही, तिथं दहा जणांनी आधी खेळून बघितलेलं असतं. आर्व्हिडनं एकेक चूक पेन्सिलीनं समासात लिहिली, आणि त्याला क्षणभर बरं वाटलं. आपण अगदीच चुकलो नव्हतो.

मग नववं पान आलं. त्यात गावच्या वेशीवर एक माणूस बसलेला होता. 'पारखी', डेल्फिननं लिहिलं होतं. 'येणाऱ्याची पोतडी हुंगून आत काय आहे ते सांगतो. कडक दिसतो. याच्याशी खोटं बोलू नये. गावात भरवशाचा माणूस हा एकच. खेळाडू कुठं अडले, तर त्यांना याच्याकडं पाठवा.'

आर्व्हिडनं पेन्सिल खाली ठेवली. ही वही त्यानं परत केली त्याच्या आधी लिहिलेली होती. हा माणूस तिच्या आतच बसलेला होता, नवव्या पानावर, आणि आर्व्हिडनं एकतिसावं उघडलं होतं.

कॉफी गार झाली. त्यानं एकतिसावं पान काढलं. उतारावरची म्हातारी. नदी जिथं पायी ओलांडता येते त्या उतारावर कंदील घेऊन उभी. येणाऱ्याला तीनदा सांगते, परत जा. जीव : चार. नाव : आणि पुढं कोरी रेघ.

पान उलटलं. बत्तीस.

'हिच्याशी लढायचं नसतं. हिला कुणीही मारू शकतं, म्हणूनच चार. हिचं नाव विचारलं की ती कंदील वर धरते आणि वाट दाखवते. नाव आधी ठरवू नका. मारली, तर पाणी चढू लागेल आणि गाव बुडेल, जोवर मारणाऱ्याच्या सोबत्यांपैकी कुणी तो कंदील उचलून तिच्या जागी उभं राहत नाही. कुणावर जबरदस्ती करू नका. जो उभा राहील त्याचं नाव मागच्या पानावरच्या रेघेवर लिहा. त्याचेही जीव चार.'

खिडकीबाहेर छपरावरचं बर्फ वितळून ठिबकत होतं. आर्व्हिड ते पान पुढं-मागं करत बसला. एकतीस, बत्तीस. एक पान उलटायला किती वेळ लागतो?

त्यानं लॅव्हर्नला फोन लावला. "येत्या रविवारी डेल्फिनचं चालवतोय."

"डेल्फिनचं म्हंजे? आन् कायदा?"

"कायदा माझाच होता."

"आर्व्हिड, रागावू नगं. पर ती बाई मरायला टेकलीय. खेळ फसला, आपण तिच्याम्होरं घोळ घातला, तर ते घेऊन जाईल ती. कंपनीच्या कोळ्यात निदान भ्या न्हाई."

हीच भीती आर्व्हिडलाही होती. शिवाय हेन्रिक्सन भावांचे ते दोन बाक. पण तो एवढंच म्हणाला, "नळी घातलीय मी. वास चांगला आहे."

*

रविवारी डेल्फिनला त्यानं आधी काही सांगितलं नाही. पुस्तकं मांडताना विटेएवढं पुस्तक काढलंच नाही, पिशवीतून वही काढून मांडीवर ठेवली. डेल्फिननं ती बघितली, मग त्याच्याकडं बघितलं.

"समासात काय खरडलंयस?"

"उत्तर दिशा उलटी आहे तुझी."

"बसमधून बघितलं की तशीच दिसते," ती म्हणाली. मग तिनं उशी पाठीशी सारखी केली. "मी गप्प बसेन. मला सगळं ठाऊक आहे, ओटिलीला नाही."

लॅव्हर्ननं ताज्या चीजच्या खड्यांची पुडी आणली होती, दाताखाली कुरकुर वाजतात ते. डेल्फिनला खाता येत नव्हतं. तिनं एक खडा मागून घेतला, नुसता चावला, आवाज ऐकला आणि रुमालात काढून ठेवला. "आजचाच आहे," ती म्हणाली. ओटिलीचा कागद तिनं छातीवर धरला होता. एकतीस वर्षांचा, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला.

गोष्ट सुरू झाली. दलदल, धुकं, वेशीवरचा पारखी. पारख्याचं बोलणं बोलताना आर्व्हिड एकदा मध्येच थांबून पाणी प्यायला. नकाशातल्या नसलेल्या दारापाशी पाकू अडली, "दार कुठंय पण?" तर आर्व्हिडनं झटकन भिंतीत एक दार पाडलं आणि डेल्फिननं पांघरुणात हसू दाबलं. तास गेला. कुणी घड्याळाकडं बघितलं नाही.

मग उतार आला. कंदील.

"परत जा," आर्व्हिड म्हातारीच्या आवाजात म्हणाला.

"ए आजे, वाट सोड," लॅव्हर्न म्हणाला.

"परत जा."

पाकू म्हणाली, "थांब लॅव्हर्न. तिचे हात बघ, हत्यार नाहीये."

"हत्यार नसलेलीच जास्त वंगाळ असत्यात. कोळ्याच्या येळला काय झालं?"

"परत जा," आर्व्हिड तिसऱ्यांदा म्हणाला. खेळ चालवणाऱ्यानं चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. त्यानं वहीकडं बघितलं, डेल्फिनकडं बघितलं नाही.

लॅव्हर्ननं फासा टाकला. वीस. घाव बसला, मोजला तर चौदा जिवांचा.

"मेली," आर्व्हिड म्हणाला.

"मेली? येका घावात?" लॅव्हर्नचा हात फाशावरच राहिला. "किती जीव हुते तिचे?"

"चार."

कुणी हसलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी याच आकड्यावर मेज हसलं होतं. आर्व्हिडनं सांगायला सुरुवात केली. कंदील चिखलात पडला. पाणी घोट्याला लागलं, मग नडगीला. पलीकडं गावातली कुत्री भुंकायला लागली. पहिल्या घरात पाणी शिरलं. त्यानं पुढचं वाचून दाखवलं, जसं होतं तसं, जबरदस्ती करू नका यापर्यंत.

लॅव्हर्ननं फासा लांब सारला. "म्हंजे मीच... आरं, मला काय ठावं. ग्रूम ऱ्हातो उबा. म्या मारलंय, मीच ऱ्हातो."

"मारणाऱ्याचे सोबती, लॅव्हर्न," पाकू हळूच म्हणाली. "मारणारा नाही."

खाटेवरून खसखस आली. खोकल्याबरोबर मिसळलेली, पण हसूच. "किती वर्षं वाट बघितली," डेल्फिन म्हणाली, "कुणीतरी तिला मारेल म्हणून. तरी वाटायचं, टोर्गच्या मेजावर... एक तरी शहाणा निघेल."

"चुकलं माजं, डेल्फी," लॅव्हर्न म्हणाला.

"चुकलं नाही रे बाबा. त्याच्यासाठीच बत्तिसावं पान लिहिलंय." तिनं छातीवरचा कागद पुढं केला. "ओटिली कंदील उचलते."

पाकूनं तोंड फिरवलं. आर्व्हिड कागद घेईना.

"डेल्फिन, तुला ठाऊक होतं. म्हणून..."

"मला ठाऊक होतं. ओटिलीला नव्हतं. एकतीस वर्षं लोकांना बांधत फिरली, पाय दुखत नसेल तिचा? लिही, टोर्ग. मला बघायचंय."

त्यानं लिहिलं. ओटिलीच्या कागदावर सत्तेचाळीस जीव होते, ते खोडून चार केले. मग वहीचं एकतिसावं पान काढून कोऱ्या रेघेवर पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. तिनं चष्मा मागितला, लावला, वाचलं.

"पाणी?" तिनं विचारलं.

"उतरलं," आर्व्हिड म्हणाला. "कुत्री गप्प झाली."

निघताना त्यानं पिशवीतून लाकडी शिक्का आणि शाईची डबी काढली. पहिलं पान उघडलं. त्यानं आठवडाभर हेच ठरवलं होतं.

डेल्फिननं वहीवर पालथा हात ठेवला. "नको."

"डेल्फिन, मला मारायचाय."

"माहीत आहे रे. पण बाहेरचं आहे ते, बाहेरचंच राहू दे. शिक्का बघून कुणी उघडायला नको." मग वही त्याच्याकडं सरकवत, "दार चांगलं पाडलंस."

बुधवारी सकाळी ती गेली. पाकू तिथंच होती.

*

ऑक्टोबरात मेजावर एक नवी बाई आली, ग्रंथालयात काम करणारी, इन्ग्री नावाची. तिनं फडताळातली बिनशिक्क्याची पातळ वही बघून विचारलं, "हे पण चालतं इथं?"

"बाहेरचं आसंल तर आठवडाभर आर्व्हिडच्या घरी ऱ्हातं," लॅव्हर्न म्हणाला. "पैल्या पानापास्नं वाचतो. निम्मी परत देतो, लई कुचका हाय. पर वाचून देतो."

त्या दिवशी आर्व्हिडनं तीच वही घेतली. लॅव्हर्ननं ग्रूम नाही आणला, ग्रूमनं मार्चपासून कुऱ्हाड उचलली नव्हती. नवा कुणी नावाडी-बिवाडी होता त्याचा. उतार आला, कंदील आला. या वेळी म्हातारी लंगडत होती आणि वाक्याच्या मध्ये दम खायला थांबत होती.

"परत जा," आर्व्हिड म्हणाला. "परत... जा."

इन्ग्रीनं फासा उचलला होता. पाकूनं मेजाखाली लॅव्हर्नचा हात दाबला. आर्व्हिडनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"परत जा."

इन्ग्रीनं फासा हातात फिरवला आणि मग खाली ठेवला. "आजी," ती म्हणाली, "तुमचं नाव काय?"

आर्व्हिडनं वहीत बघितलं. पेन्सिलीचं अक्षर जरा पुसट झालं होतं. नाव त्याच्या ओठांवर होतं आणि तिथून पुढं येत नव्हतं. लॅव्हर्ननं चीजच्या खड्यांची पुडी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं एक उचलून तोंडात टाकला. कुरकुर वाजली.

"ओटिली," तो म्हणाला, आणि कंदील वर धरावा तसा त्यानं हात वर केला.